ढगातल्या गावची लँड रोव्हर

दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला अगदी खेटून मानेभंज्यांग नावाचे गाव आहे. नेपाळी भाषेत भंज्यांग म्हणजे खिंड, आणि माने म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांचा बौद्ध लोकांचा चौथरा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७ हजार फुटांवर वसलेले. बाजारपेठ एवढीशी, आपल्याकडच्या एखाद्या आठवडे बाजाराच्या गावाइतकी. पण या बाजारात उभी असलेली वाहने पाहून नवखा माणूस थबकतो. सत्तरीला टेकलेल्या लँड रोव्हर गाड्या! शहरातले हौशी लोक असल्या गाड्यांवर झूल घालून ठेवतात आणि वर्षातून एकदा मिरवायला काढतात. इथे त्या तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या आणि माणसे घेऊन बारा हजार फुटांच्या आसपास असलेल्या संदकफूच्या डोंगरावर चढत आल्या आहेत.

मी तिकडे गेलो तो २०२२ सालच्या सप्टेंबरात. भाचा सैन्यात, त्याची नेमणूक त्या वेळी सिलिगुडीच्या बाजूला होती. ‘मामा, एकदा या,’ असे तो दोन वर्षे लिहीत होता. गणपती उठवले, घरच्यांवर सोयाबीन सोपवले आणि निघालो. हावड्याला उतरलो. तिथला पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलादाचा तो डोलारा नटबोल्टांवर नव्हे, रिबिटांवर उभा आहे. पुलाखालून मान वर करून पाहिले तर गव्हातल्या खड्यांसारखी त्यांची डोकी दिसतात. त्या वेळी मला ठाऊक नव्हते की पुढचे चार दिवस मी रिबिटांच्याच संगतीत काढणार आहे.

सियालदाहून रात्रीची गाडी, सकाळी न्यू जलपाईगुडी, तिथून वर घाट. ७४०७ फुटांवरचे घूम हे आपल्या देशातले सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. तिथून दार्जिलिंगचा रस्ता सोडून सुखियापोखरीकडे वळायचे आणि पुढे उतरून मानेभंज्यांग गाठायचे. पाऊस म्हणाल तर पडत नव्हता, पण ढगच घरात शिरत होता. सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी अधिक ओला.

ज्या घरी उतरलो तिथे चुलीपाशी जेवण होते. घरची बाई, जिला सगळे दिदी म्हणत, तिने कोदोचा ढिंडो वाढला. आपल्याकडे कोदो म्हणजे कोद्रा. तिथे कोदो म्हणजे चक्क आपली नाचणी! तिचा घट्ट उकडलेला गोळा म्हणजे ढिंडो. सोबत इस्कुसाची भाजी. हे पेरूएवढे हिरवे, सुरकुतलेले फळ तिथे दर घराच्या मांडवावर लटकते. डोंगरउतारावर बटाटा, मुळा, वाटाणा, कोबी. आणखी वर चौंरी नावाची याक आणि गाय यांची संकरित जनावरे. त्यांच्या दुधाचे छुरपी करून सुकवतात. दगडासारखा तुकडा, गालात ठेवला की तासभर पुरतो. लांबच्या वाटेला फार उपयोगी. आपल्या धनगर मंडळींना हा प्रकार आवडेल.

संदकफूला लगेच जाता येणार नव्हते. वाटेवरचे सिंगालिला राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर पर्यटकांना बंद असते. उद्यान उघडायला चार दिवस होते. हे तीन महिने गाडीवाल्यांच्या कमाईला खीळ. पण गाड्यांच्या दुरुस्तीचा हंगामही हाच. आपण उन्हाळ्यात औते, मोटारी, पाइप नीट करून ठेवतो तसा. बाजाराच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली एक मिस्त्री बसत असे, आणि दिवसभर तिथून हातोडीचा आवाज येई. मला दुसरे काम नव्हते. मी तिथे जाऊन बसू लागलो.

गाडीची जन्मकथा आधी सांगतो, कारण ती शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीत मॉरिस विल्क्स नावाचे मुख्य इंजिनिअर होते. वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्यांची शेती होती आणि शेतावर लढाईतली एक जुनी जीप. ओढायला, वाहायला, चिखलात जायला ती जीप कामाची. पण ती मोडकळीला आली तर दुसरी आणायची कुठून? १९४७ साली त्यांनी आणि त्यांचे भाऊ, कंपनीचे प्रमुख स्पेन्सर विल्क्स यांनी ठरवले की शेतकऱ्यासाठी अशी गाडी आपणच काढू. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधला. ट्रॅक्टरला असते तसे सुकाणू मध्यभागी! पुढे ते बाजूला गेले, पण यंत्रे फिरवायला ट्रॅक्टरसारखा पी.टी.ओ. जोडण्याची सोय राहिली. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी जगासमोर आली. बरोबर महिनाभराने, १ जून १९४८ ला, आपल्याकडे पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली. म्हणजे दोघी एकाच वर्षाच्या. लँड रोव्हर कंपनी फिरत फिरत २००८ साली टाटांच्या घरात आली, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पोलादाची टंचाई. रेशनवर मिळायचे, आणि तेही परदेशी माल विकणाऱ्या कारखान्यांना आधी. उलट विमानांचे काम थंडावले होते, त्यामुळे अॅल्युमिनियम मिळत होते. म्हणून गाडीचा सांगाडा पोलादी ठेवला आणि अंगावरचा पत्रा मात्र बर्माब्राइट नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्यात मॅग्नेशियम मिसळलेले, म्हणून पाण्याला टिकाऊ. महागडे साचे टाळायचे म्हणून पत्रे सपाट, साधे वाकवलेले. जोड काही ठिकाणी डागून, काही बोल्टाने आणि बरेच रिबिटांनी. टंचाईतून आलेली ही युक्ती पुढे गाडीला दीर्घायुष्य देऊन गेली. तिचा पत्रा लोखंडासारखा गंजून गळून पडत नाही.

चहामळ्यांच्या इंग्रज साहेबांनी १९५० नंतरच्या दशकात या गाड्या दार्जिलिंगच्या डोंगरात आणल्या. साहेब गेले, गाड्या राहिल्या. इथल्या लोकांनी त्या विकत घेतल्या आणि पोटापाण्याला लावल्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची संख्या चाळिशीच्या घरात होती. बहुतेकांची मूळ इंजिने कधीच गेली. त्या जागी महिंद्राची डिझेल इंजिने बसली. मानेभंज्यांग ते संदकफू अंतर फक्त ३१ किलोमीटर, पण चढ असा की पहिल्याच वळणाला बैलाने गुडघे टेकावेत. अलीकडे बराच रस्ता काँक्रीटचा झाला आहे. त्यापूर्वी तो नुसता धोंड्यांचा होता. त्या धोंड्यांवर पन्नास-साठ वर्षे आदळताना गाडीचा जो भाग सर्वांत जास्त सोसतो तो मागचा हौदा.

मिस्त्रीच्या अंगणात असाच एक हौदा उघडा पडला होता. गाडी १९५७ सालची. मालकच चालक, वय पन्नाशीच्या आतबाहेर. सगळे त्याला दाजू म्हणत. दाजू म्हणजे थोरला भाऊ. त्याच्या वडिलांनी मळ्यावर ड्रायव्हरी केली आणि पुढे तीच गाडी घेतली. हौद्याचा डावा मागचा कोपरा सुटला होता. हाताने दाबला की पत्रा कोंबडीच्या पंखासारखा हलायचा. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम कोरोनाने खाल्ले होते. १६ सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंतचे दिवस हातचे गेले तर तिसरे वर्षही गेले. त्यातच कोलकात्याकडचा एक हौशी माणूस फोनवर फोन करत होता. गाडी आहे तशी विका, म्हणत होता. ते पैसे धरून वर कर्ज काढले तर नवी बोलेरो दारात उभी राहिली असती. घरातले दोन तट. मुलगा म्हणे विका. दाजू काही बोलत नसे. चहा पीत मिस्त्रीच्या हातांकडे बघत बसे.

मिस्त्री सत्तरीचा असावा. कमी बोलायचा. मला हिंदीत म्हणाला, “पत्रा मेलेला नाही. जोड मेला आहे. बघा.”

रिबीट आपल्याला नवे नाही. कढईचा कान, सांडशीचा मधला खिळा, कोयत्याची मूठ, गुऱ्हाळावरची जुनी काहील, सगळीकडे तेच. एका टोकाला टोपी, खाली दांडी. दोन पत्र्यांच्या भोकातून दांडी घालायची आणि बाहेर उरलेले टोक ठोकून त्याचीही टोपी करायची. मग ती निघत नाही. एसटीच्या जुन्या लाल गाडीचा पत्राही अॅल्युमिनियमचाच. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत त्या बांधल्या गेल्या, आणि खिडकीशी बसून त्यांच्या रिबिटांच्या रांगा आपण सर्वांनी मोजल्या आहेत.

मिस्त्रीने दाखवले ते असे. सुटलेल्या प्रत्येक रिबिटाच्या मागे पत्र्यावर काळपट ओघळ होता, डोळ्यातून काजळ उतरावे तसा. रिबीट घट्ट असले तर असा ओघळ येत नाही. ते भोकात हलू लागले की अॅल्युमिनियम झिजते, त्याची काळी भुकटी होते आणि पाण्याबरोबर खाली उतरते. ओघळ दिसला की समजावे, हा खिळा आता नावापुरता उरला आहे. गाडी बाहेरून कितीही रंगवा, दोन महिन्यांत ओघळ पुन्हा दिसणार.

त्यातही निम्मी रिबिटे मूळची नव्हतीच. मागे कोणीतरी घाईत पॉप रिबिटे मारली होती. ही पोकळ असतात. पक्कडीसारख्या हत्याराने मधली तार ओढली की मागचे टोक फुगते आणि तार तुटते. एका माणसाचे, एका बाजूने, मिनिटाचे काम. जिथे मागून हात पोचत नाही तिथे ती वापरण्यात काही गैर नाही, मिस्त्रीही वापरतो. पण पोकळ नळी ती पोकळच. भरीव रिबीट ठोकताना त्याची दांडी फुगून भोक गच्च भरते. पोकळ्याला ते तितके साधत नाही. धक्के खाणाऱ्या जागी ते लवकर हलू लागते. शिवाय तुटलेल्या तारेचा तुकडा आत राहतो, तो लोखंडी असला तर गंजतो. इथे तेच झाले होते. गोल भोके लांबट होऊन कण्हेरीच्या पानासारखी झाली होती.

काम सुरू झाले ते जुनी रिबिटे काढण्यापासून. माझी कल्पना होती की छिन्नी लावायची आणि टोपी उडवायची. मिस्त्रीच्या पोऱ्याने तसे करायला हात उचललाच होता, तर म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले. छिन्नीने टोपी उडते खरी, पण पत्रा ताणला जातो आणि भोक फाटते. रिबीट चार आण्याचे, पत्रा मिळत नाही. रीत अशी: कानशीने टोपीचा माथा जरा सपाट करायचा. बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची. मग दांडीच्या जाडीचेच, किंवा किंचित बारीक, ड्रिल लावून फक्त टोपीच्या जाडीइतके भोक पाडायचे, पुढे जायचे नाही. त्या भोकात पंच घालून हलकेच तिरका केला की टोपी मोडून येते. मग मागे लाकडाचा भोक पाडलेला ठोकळा टेकवून दांडी मागे ठोकून काढायची. टेकू न देता ठोकले तर पत्र्याला खळगा पडतो. त्या कोपऱ्यात पन्नासहून जास्त रिबिटे होती. पहिला दिवस त्यातच गेला, आणि अंगणात वाटीभर चंदेरी टोप्या जमल्या. पोरे त्या खेळायला घेऊन गेली.

हौद्याच्या कडेला मूळची जस्त चढवलेली लोखंडी पट्टी होती. ती सुटी झाली तेव्हा खाली पांढरी भुकटी निघाली, चुन्यासारखी. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मिठाची आमटी रात्रभर ठेवली तर सकाळी पातेल्याला पांढरे डाग आणि बारीक टोचे पडतात, ते आपल्या मायबहिणींना माहीत आहे. हा त्याच जातीचा रोग, पण कारण आणखी एक. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल राहिली, की बॅटरीसारखा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. लोखंडावर जस्त शाबूत असेतो हे फार मंद चालते. जस्त झिजले की रोग बळावतो. मानेभंज्यांगची हवा बारा महिने ओली, तेव्हा औषध नेहमीच लागणार.

औषध म्हणजे दोघांना वेगळे ठेवणे. मिस्त्रीने भुकटी खरवडली, पण कोरडी नव्हे. पाण्याने ओली करून, नाकाला फडके बांधून. जुन्या रंगाची धूळ फुप्फुसाला वाईट. मग दोन्ही अंगांना पिवळट हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर लावला आणि वाळल्यावर पट्टीखाली ट्यूबच्या रबराची पातळ पट्टी घातली. नवी रिबिटेही अॅल्युमिनियमचीच घेतली. लोखंडी किंवा तांब्याचे रिबीट अधिक मजबूत वाटते, पण ते या पत्र्यात घालणे म्हणजे घरात भांडण आणून ठेवणे.

कोपऱ्याचा वीतभर पत्रा चिरला होता. तिथे ठिगळ लागणार होते. ठिगळासाठी दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचा तुकडा त्याने राखून ठेवला होता. जुना पत्रा वर्षांनुवर्षे धक्के खाऊन कडक होतो, वाकवला तर तडकतो. लोखंड असते तर तापवून लाल केले असते. अॅल्युमिनियमची लबाडी अशी की ते लाल होतच नाही. रंग न बदलता तापते आणि एकदम ढासळते. मग अंदाज कसा करायचा? मिस्त्रीने दिदीकडून कपडे धुण्याचा साबण मागवला. ठिगळावर साबण चोळला आणि खालून ज्योत फिरवू लागला. साबण पिवळा पडला, तांबूस झाला, मग गर्द तपकिरी. तो काळा पडू लागताच ज्योत बाजूला. पत्रा गार झाल्यावर पाहिला, तर कणकेसारखा वळत होता. एवढ्या एका युक्तीसाठी त्या अंगणात चार दिवस बसणे वसूल झाले, असे मला वाटले.

ठिगळाची भोके त्याने काठापासून आत पाडली. काठापासून भोकाच्या मध्याचे अंतर रिबिटाच्या जाडीच्या दुप्पट तरी हवे, नाहीतर काठ फुटतो. लांबट झालेली जुनी भोके एक माप मोठ्या रिबिटासाठी गोल करून घेतली. प्रत्येक भोकाची कड बोटाने चाचपून साफ केली. मग दर चौथ्या भोकात बारीक नटबोल्ट घालून सगळा कोपरा तात्पुरता आवळला, म्हणजे ठोकताना पत्रा सरकत नाही. आपल्या बाया पांघरूण शिवताना आधी लांब धावदोरा घालतात, तसेच हे.

तिसऱ्या दिवशी ठोकायचे काम. त्याला दोन माणसे लागतात आणि दोघांचे जमावे लागते. बाहेरून डॉली धरायची. डॉली म्हणजे हातात मावणारी जड ऐरण, तिला टोपीच्या आकाराची खळगी असते. आतून हातोडी. डॉली धरायला मिस्त्रीची नात, बारा-तेरा वर्षांची. तिला सगळे नानी म्हणत. तिकडे नानी म्हणजे आजी नव्हे, लाडकी पोर. शाळेतून आली की दप्तर टाकून ती गाडीला पाठ लावून बसायची.

रिबीट ४ मिलिमीटरचे घेतले तर पत्र्याबाहेर त्याची दांडी ६ मिलिमीटर उरली पाहिजे, म्हणजे जाडीच्या दीडपट. कमी उरली तर टोपी भरत नाही, जास्त उरली तर दांडी आडवी पडते. भोक ४ मिलिमीटरला केसभर मोठे, ढिले नाही. दांडी घातली की आधी मधे भोक असलेला पंच तिच्यावर बसवून एक टोला द्यायचा, म्हणजे दोन्ही पत्रे एकमेकांना टेकतात. मग सरळ, ठाम ठोके. “मोजके आणि पुरे,” मिस्त्री म्हणाला. टुकटुक वीस ठोके मारले तर अॅल्युमिनियम मधेच कडक होते आणि टोपीला चिरा जातात. नीट बसलेली आतली टोपी दांडीच्या दीडपट रुंद आणि अर्धी उंच असते.

पण तो डोळ्यापेक्षा कानावर चालायचा. पहिले ठोके ‘खट्ट, खट्ट’ असे बोदे येत. दांडीने भोक भरले की आवाज बदलून ‘टण्ण’ असा स्वच्छ यायचा. तो आला की हातोडी थांबली. एकदा आवाज आला नाही. मिस्त्रीने आतूनच विचारले, “नानी, हात उचललास?” पोर गप्प. डॉली क्षणभर हलली होती. टोपीखाली ब्लेडचे पाते घालून पाहिले, तर ते आत शिरले. मिस्त्री रागावला नाही. कानस, पंच, ड्रिल. ते रिबीट काढून टाकले आणि दुसरे घातले. दाजूचा मुलगा बाजूला उभा होता. तो म्हणाला, “एकाने काय बिघडते? वरून रंगच लावायचा आहे.” म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. उत्तर दाजूने दिले. “तुझ्या वेळी पाऊस होता,” तो म्हणाला, “कालापोखरीहून तुझी आई याच हौद्यात आडवी होती. रात्रभर खाली येत होतो.” मुलगा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग नानीला म्हणाला, “जा, अभ्यास कर,” आणि डॉली त्याने घेतली. संध्याकाळपर्यंत तोच धरून होता.

गाडी विकायची की नाही यावर त्यानंतर माझ्यासमोर तरी बोलणे झाले नाही. माझे मत विचाराल तर बोलेरो घेणारे चुकतात असे मी म्हणणार नाही. तिला दारे आहेत, काचा आहेत, थंडीत म्हातारे माणूस सुखाने बसते, आणि कर्ज फेडायची हिंमत असेल तर तो व्यवहार शहाणपणाचा आहे. पण जिचा जोड गावातल्या माणसाला गावातच खोलता येतो आणि पुन्हा बांधता येतो, अशी वस्तू दारातून घालवताना माणूस दोनदा विचार करतो. दाजू तेवढाच करत होता.

१६ तारखेला सकाळी सहाला निघालो. पुढे दाजू आणि मी, मागे त्याचा मुलगा, तांदळाची चार पोती, तेलाचे डबे आणि वरच्या दुकानासाठी कांदे. कांद्याचा वास घेऊन मला एकदम लासलगाव आठवले. चित्रेपर्यंतचा चढ गाडीने पहिल्या गिअरमध्ये, म्हशीसारखा दम टाकत घेतला. मेघमा नावाप्रमाणेच ढगात बुडालेले. तुमलिंगला चहा झाला; ते गाव नेपाळात, चहा प्याला आणि पुन्हा भारतात आलो. गैरीबासला उद्यानाची चौकी, पावत्या. वाटेत जिथे थांबू तिथे मुलगा खाली उतरून कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा आणि अंगठ्याकडे बघायचा.

संदकफू ११,९२९ फूट. पश्चिम बंगालमधली सर्वांत उंच जागा. पोचलो तेव्हा चारी बाजूंना दूध सांडल्यासारखे ढग. पोती उतरली, कांदे उतरले. दुसऱ्या दिवशी पहाटे दिदीच्या ओळखीच्या माणसाने दार वाजवले. बाहेर आलो. कांचनगंगा समोर उघडी पडली होती, आडव्या झोपलेल्या माणसासारखी. तिला तिकडे निजलेला बुद्ध म्हणतात. पश्चिमेला दूर मकालू, ल्होत्से आणि त्यांच्यामधून डोके काढणारा एव्हरेस्ट. दाजूने हात जोडले, आणि मग बॉनेट उघडून पाणी बघायला गेला.

परतताना हौद्यात वरच्या शेतातल्या बटाट्यांची पोती होती आणि पोत्यांवर बसून तीन कॉलेजची मुले उतरली. मानेभंज्यांगला मिस्त्रीच्या छपराखाली तोवर दुसरी गाडी लागली होती, आणि नानी तिच्या काळ्या ओघळांवर खडूने खुणा करत होती.